सांगाड्याला पैकीच्या पैकी, दाराला भोपळा: वादळानंतरच्या तयार स्टील हॉलचं परीक्षण

वादळात गावचा किंवा वस्तीचा क्रीडा हॉल गेला की पंधरा दिवसांत कुणीतरी एक चकचकीत कॅटलॉग घेऊन येतं. प्री-इंजिनिअर्ड स्टील हॉल, म्हणजेच पीईबी. कारखान्यात कापून, वेल्ड करून, भोकं पाडून आलेले भाग जागेवर फक्त बोल्टने जोडायचे. मंजूर नकाशा हातात असेल तर कारखान्यातलं काम साधारण दोन महिन्यांत होतं आणि उभारणीला महिना-सव्वा महिना पुरतो. हे पॅकेज घ्यावं का, त्यात काय दमदार आहे, काय ठिसूळ आहे, आणि मुळात हॉल पुन्हा बांधावा का, एवढंच इथे पाहायचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सांगाडा उत्तम. पत्रा ठीक, पण स्क्रूंची संख्या वाढवून घेतली तरच. दारं आणि छतावरचे पंखे बहुतेक पॅकेजमध्ये वाईट. पाया तर पॅकेजमध्ये नसतोच, आणि खरी मेख तिथेच आहे. वारा पत्र्याला ओढतो, पत्रा स्क्रूला, स्क्रू पर्लिनला (पत्र्याखालची आडवी पट्टी), पर्लिन राफ्टरला (छताची तिरकी तुळई), राफ्टर कॉलमला, कॉलम अँकर बोल्टला (काँक्रीटमध्ये रोवलेला बोल्ट) आणि बोल्ट पायाला. विक्रेत्याची जबाबदारी बेस प्लेटच्या, म्हणजे कॉलमच्या तळाशी असलेल्या प्लेटच्या, खालच्या कडेला संपते. वाऱ्याचा भार मात्र तिथे थांबत नाही.

आधी ढिगारा वाचा

नवीन हॉलचा सगळ्यात चांगला सल्लागार म्हणजे जुन्या हॉलचा ढिगारा, आणि तोच सगळ्यात आधी भंगारात जातो. तो उचलण्याआधी दोन दिवस द्या. पत्र्यावर स्क्रूची भोकं कशी दिसतात ते बघा. भोक लांबट, कडा फाटलेल्या आणि भोवती ताऱ्यासारख्या चिरा असतील तर पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून ओढला गेला. भोक गोल, धड आहे आणि स्क्रू पत्र्यालाच लटकलेला आहे, तर स्क्रू पर्लिनमधून उपटला. पर्लिनचा पत्रा पातळ होता किंवा गंजला होता. पत्र्यासकट पर्लिनच उडाली असेल तर क्लीट (पर्लिन राफ्टरला धरणारा छोटा तुकडा) आणि बोल्ट तपासा. कॉलम बेस प्लेटसकट उचलला गेला असेल तर बोल्टच्या खोडाला काँक्रीट चिकटलंय की बोल्ट स्वच्छ बाहेर आलाय, हे टिपून ठेवा. आणि शटर आत पडलंय की बाहेर? आत पडलं असेल तर बहुधा आधी दार गेलं आणि मग छत.

प्रत्येक तुकडा कुठे सापडला याचा हाताने काढलेला नकाशा आणि मोजपट्टी ठेवून घेतलेले फोटो विम्याच्या कामालाही येतात. नव्या डिझायनरला तर ते सोन्यासारखे.

आकडे मांडल्याशिवाय कॅटलॉग उघडू नका

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी 180 किलोमीटर म्हणजे 50 मीटर प्रति सेकंद. दाब 1500 न्यूटन, म्हणजे एका चौरस मीटरवर ढोबळमानाने 150 किलो. ताशी 144 ला हाच दाब 100 किलोच्या आत असतो आणि ताशी 216 ला 220 वर जातो. वेग एक पंचमांशाने वाढला तर भार 44 टक्क्यांनी वाढतो.

आता एक नेहमीचा हॉल घेऊ: 40 मीटर लांब, 22 मीटर रुंद, सात फ्रेम (दोन कॉलम आणि त्यांवरचे राफ्टर मिळून एक), दोन फ्रेममध्ये साधारण 6.67 मीटर. छताचं क्षेत्र 880 चौरस मीटर. उतार कमी असलेल्या छतावर वारा दाबत नाही, वर खेचतो. बाहेरचं शोषण वरच्या दाबाच्या सरासरी 0.8 पट धरलं आणि बंद हॉलमधला आतला दाब 0.2, तर एकूण 1.0. म्हणजे 150 किलो गुणिले 880, एकशे बत्तीस टन वरच्या दिशेने. पर्लिन, राफ्टर, पत्रा, सगळं मिळून चौरस मीटरला 35 किलो धरलं तर छताचं स्वतःचं वजन 31 टन. बाकीचे शंभर टन कुणीतरी धरून ठेवायचे आहेत.

वाऱ्याकडच्या बाजूचं मोठं दार फुटलं की आतला दाब 0.2 वरून 0.6 च्या आसपास जातो. फुगा आतून फुगतो. एकूण 1.4, वर जाणारा भार 185 टन. छताला काही झालेलं नाही, वाराही तोच, फक्त एक दार गेलं आणि भार 40 टक्क्यांनी वाढला. हा हिशोब ढोबळ आहे. डिझायनर कडा, कोपरे, मधला भाग वेगवेगळे धरतो. पण विक्रेत्याशी बोलायला एवढा पुरतो.

आणखी एक फसगत वाऱ्याच्या वेगाच्या शब्दांत असते. ‘आमचा हॉल ताशी 180 चा वारा सोसतो’ या वाक्यात कुठला 180, ते विचारा. हवामान खात्याच्या इशाऱ्यात येतो तो सतत वाहणारा वारा, म्हणजे काही मिनिटांची सरासरी. इमारतीच्या संहितांमध्ये बहुधा तीन सेकंदांचा झोत धरतात. दहा मिनिटांच्या सरासरीपेक्षा तीन सेकंदांचा झोत जमिनीच्या खडबडीतपणानुसार सव्वा ते दीडपट, कधी त्याहूनही जास्त असतो. म्हणजे बातमीत 150 ऐकलं तरी तुमच्या पत्र्यावर 200 चा तडाखा येऊन गेलेला असू शकतो. विक्रेत्याकडून तीन सेकंदांच्या झोताचा आकडा, जागेची वर्गवारी (मोकळं मैदान, झाडी, दाट वस्ती) आणि आतल्या दाबाचा धरलेला गुणांक लेखी घ्या. ‘बंद इमारत’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ दार टिकणारच असं त्याने गृहीत धरलंय. मग तसं दार द्यायची जबाबदारीही त्याचीच.

पाया: पॅकेजमध्ये नसलेली वस्तू

वरच्या हॉलमधल्या मधल्या एका कॉलमकडे 11 गुणिले 6.67, म्हणजे 73 चौरस मीटर छत येतं. हॉल बंद असताना कॉलम वर खेचणारा निव्वळ भार 8.4 टन, दार फुटल्यावर 12.8 टन. हे धरायला पायाचं वजन लागतं. 2.2 मीटर चौरस आणि अर्धा मीटर जाड फूटिंगचं (पायाच्या रुंद तळाचं) काँक्रीट 2.42 घनमीटर, वजन 5.8 टन. त्यावर 1.3 मीटर माती, 6.3 घनमीटर, 11.3 टन. बेरीज 17 टनांच्या वर. कागदावर छान.

आता वादळाबरोबर येणारा पाऊस आठवा. मैदान भरलं, जमिनीतलं पाणी वरपर्यंत चढलं की पाण्याखालचं काँक्रीट घनमीटरला 2.4 ऐवजी 1.4 टनच वजन देतं आणि माती जेमतेम 1 टन. तेच फूटिंग आता 9.7 टनांचं झालं. बारा टनांच्या ओढीपुढे नऊ टनांचा पाया. कॉलम पायासकट उपटला जातो तो असा, आणि लोक म्हणतात स्टील कच्चं होतं. स्टीलचा काही दोष नसतो.

उपाय तीन: फूटिंग मोठं करणं, कॉलमचे पाय जमिनीखालच्या तुळईने आणि आतल्या स्लॅबने एकमेकांना बांधणं, किंवा खोल जाणारे पाइल (जमिनीत उतरवलेले खांब) घेणं. मऊ आणि पाणथळ जमिनीत तिसराच बरा. भराव टाकलेल्या जमिनीत 15 ते 20 सेंटीमीटरचे थर देऊन रोलरने दाबलं नाही तर ती 1.3 मीटर माती हिशोबात धरूच नका.

अँकर बोल्टची गोष्ट वेगळीच. नकाशात एम 24 किंवा एम 30 (24 किंवा 30 मिलिमीटर व्यासाचे), चार ते आठ बोल्टांचा संच, खाली वाकवलेलं टोक किंवा प्लेट. ओतकामात बोल्ट हलतात. म्हणून संच स्टीलच्या टेम्प्लेटमध्ये दोन्ही बाजूंनी नट लावून पकडायचा, ओतण्याआधी आणि ओतल्यावर लगेच, काँक्रीट ओलं असतानाच, टेप लावून मोजायचा. एका संचात बोल्टांमधला फरक तीन मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. तसं झालं नाही तर फ्रेम आल्यावर गॅस कटरने बेस प्लेटचं भोक मोठं करतात, किंवा पाइप घालून बोल्ट वाकवतात. दोन्हीत बोल्टची ताकद जाते आणि वरून ग्राउट (फट भरायचं सिमेंटचं मिश्रण) भरलं की कुणाला दिसतही नाही. बेस प्लेटखाली 25 ते 50 मिलिमीटर आकुंचन न पावणारं ग्राउट हवं. पाचर ठोकून आणि कडेने सिमेंट लिंपून भागवलेलं असेल तर हातोडीने वाजवून बघा, पोकळ आवाज येतो.

सांगाडा: इथे तक्रार नाही

निमुळत्या आय-सेक्शनच्या (इंग्रजी I सारख्या छेदाच्या) फ्रेम हा या पॅकेजचा खरा गुण. जिथे वाकवणारा ताण जास्त, म्हणजे कॉलम आणि राफ्टरच्या सांध्यात, तिथे खोली जास्त. जिथे कमी तिथे कमी. जागेवर वेल्डिंग नाही, 8.8 दर्जाचे, म्हणजे उच्च ताकदीचे, बोल्ट, प्रत्येक भागावर क्रमांक. हाताने बनवलेल्या अँगलच्या ट्रसमध्ये वेल्डरच्या मूडवर जे अवलंबून असतं ते इथे नाही.

फक्त उभारणीच्या पहिल्या तीन दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघा. काम नेहमी ज्या खणात आडवे-तिडवे ब्रेसिंग रॉड आहेत तिथून सुरू व्हायला हवं. दोन फ्रेम उभ्या, मधल्या पर्लिन बसल्या, ब्रेसिंग ताणलं, ओळंबा लावून सरळ केलं, मगच तिसरी फ्रेम. काही टोळ्या क्रेनचं भाडं वाचवायला सातही फ्रेम एका दिवसात उभ्या करतात आणि ब्रेसिंग ‘नंतर करू’ म्हणतात. तशा उभ्या फ्रेम पत्त्यांसारख्या एकीवर एक पडतात, आणि त्यासाठी वादळही लागत नाही, संध्याकाळचा वारा पुरतो. काम संपल्यावर ब्रेसिंगचा रॉड हाताने हलवून बघा. लोंबत असेल तर तो शोभेचा आहे.

राफ्टरच्या खालच्या पट्टीपासून पर्लिनला जाणारे छोटे तिरके अँगल, म्हणजे फ्लँज ब्रेस, नकाशात असतात आणि जागेवर पोत्यात राहतात. छत वर खेचलं गेलं की राफ्टरची खालची पट्टी दाबात येते आणि तिला आडवं सुटू न देणारे हेच अँगल असतात. नकाशातली संख्या आणि छतावरची संख्या मोजून जुळवा.

पत्रा आणि स्क्रू

0.5 मिलिमीटर जाडीचा, जस्त-ॲल्युमिनियम लेपाचा, चौरस मीटरला 150 ग्रॅम लेप असलेला, उच्च ताकदीचा पत्रा हे चांगलं मानक. जाडी विचारताना लेपासकटची की नुसत्या स्टीलची, हे स्पष्ट करा, 0.47 म्हणून विकलेला पत्रा आत 0.42 चा असतो. त्यात लबाडी नाही, मोजायच्या दोन पद्धती आहेत. पण तुलना एकाच पद्धतीने करायची.

पत्र्यापेक्षा स्क्रू महत्त्वाचा. पत्र्याच्या उंचवट्यांमध्ये 250 मिलिमीटर आणि पर्लिनमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घातल्यास एका स्क्रूवर 56 किलो येतात. एक सोडून एक घातला तर 112. कोपऱ्यात आणि वळचणीच्या कडेला शोषण दुप्पट धरा. तिथे एक सोडून एक घातलेल्या स्क्रूवर 225 किलो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातून तो ओरबाडला गेला तर नवल नाही. तिथे पर्लिन एक मीटरवर आणली आणि प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू घेतला की तोच आकडा 75 वर येतो. वळचण, आढं आणि दोन्ही गेबलच्या (टोकाच्या त्रिकोणी भिंतींच्या) कडा धरून दीड-दोन मीटरचा पट्टा असा दाट करून घ्या. एकूण खर्चात हा फरक किरकोळ आहे, आणि अख्ख्या पॅकेजमध्ये एवढ्या थोड्या पैशांत एवढं काम करणारी दुसरी सुधारणा नाही.

पत्रा एका झटक्यात जातो असं नाही. 25 डिसेंबर 1974 च्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं. तेव्हा असं आढळलं की पत्रे तासन्‌तास वरखाली हलून स्क्रूभोवती थकले, चिरले आणि मग सुटले. एका संथ दाबाच्या चाचणीत हेच पत्रे पास झाले असते. त्यानंतर हजारो वेळा दाब देऊन-सोडून चाचणी घेण्याची पद्धत आली. टाउन्सव्हिलमध्ये 1977 पासून यासाठी चक्रीवादळ चाचणी केंद्रच आहे. म्हणून विक्रेत्याला पत्र्याची ‘चक्रीय भार चाचणी’ झाली आहे का, असं विचारा. स्क्रूखाली उंचवट्याच्या आकाराचं रुंद धातूचं वॉशर मिळतं, ते निदान कडेच्या पट्ट्यात घ्या.

स्क्रू घट्ट करण्यातही गंमत आहे. रबरी वॉशर धातूच्या वाटीच्या कडेबाहेर किंचित डोकावलं की थांबायचं. पुरी फुगावी तसं बाहेर आलं तर रबर वर्षा-दोन वर्षांत फाटतं, पाणी शिरतं, भोवती गंज धरतो. वॉशर हाताने फिरत असेल तर ढिलं. इम्पॅक्ट ड्रायव्हरने हे जमत नाही. खोली ठरवता येणारं टोक असलेली साधी स्क्रूगन वापरायला लावा. आणि ड्रिलिंगचा कीस रोज संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसातच नव्या छतावर तांबूस ठिपके उठतात.

पाण्याचं एका वाक्यात: तासाला 150 मिलिमीटर पावसात छताच्या एका पाखावरून तासाभरात 66 घनमीटर पाणी येतं, तेव्हा प्रत्येक कॉलमपाशी एक पाइप आणि पन्हळ भिंतीच्या बाहेर.

दार, शटर, पंखे: भोपळा

चार बाय चार मीटरच्या शटरवर आपल्या हिशोबातल्या वाऱ्यात 2.4 टन दाब येतो. साधं गुंडाळी शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या; दोन्ही टोकं खाचेत चारेक सेंटीमीटर घुसलेली. दाबाने शटर मधून पोट काढतं, टोकं खाचेतून निसटतात आणि खेळ खल्लास. पट्ट्यांच्या टोकांना हुक असलेलं ‘विंड-लॉक’ शटर टिकतं, पण मग ती पट्टी दोराप्रमाणे ताणली जाऊन दोन्ही बाजूंच्या खांबांना आत खेचते. खांब पर्लिनच्या पातळ पत्र्याचे असतील तर ते वाकतात. म्हणून शटर बदलताना चौकटही बदला.

आमची पसंती मात्र शटर नकोच, याला. क्रीडा हॉलला ट्रक आत घ्यायचा नसतो. 2.4 मीटर रुंद, दोन पाखांचं, बाहेर उघडणारं स्टीलचं दार, मध्ये काढता येणारा उभा खांब, वर-खाली 20 मिलिमीटरचे अडसर, आणि खालचा अडसर काँक्रीटमध्ये शिरणारा, नुसत्या फरशीत नव्हे. रोजच्या वापरात, अर्थात, सुटकेच्या दाराला आतून दाबून उघडणारी कडी हवी. वादळाचे अडसर हॉल रिकामा करून बंद केल्यावरच लावायचे.

छतावरचे गोल फिरणारे पंखे पॅकेजमध्ये ‘मोफत’ येतात. वादळात ते उपटले की प्रत्येक जण 600 मिलिमीटरचं भोक मागे सोडतो. पारदर्शक पत्र्यांचंही तेच. उन्हाने चार-सहा वर्षांत ते पिवळे पडून कडक होतात आणि छतात सगळ्यात आधी तडकतात. उजेड आणि वारा भिंतीच्या वरच्या पट्ट्यातून घ्या: दोन्ही लांब बाजूंना एक मीटर उंचीची लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप). बॅडमिंटनवाल्यांना वरून येणारा उजेड डोळ्यांत जातो म्हणून तो तसाही नको असतो.

मापं आणि तळ

बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 मीटर, भोवती दोन मीटर मोकळे, वर सात मीटर. व्हॉलीबॉल 18 बाय 9, भोवती तीन मीटर. बॅडमिंटनचं 13.4 बाय 6.1. आपल्या 40 बाय 22 मध्ये बास्केटबॉलचं एक किंवा आडवी बॅडमिंटनची चार मैदानं बसतात, आणि एका टोकाला कपडे बदलायच्या खोल्या उरतात. वळचणीची उंची साडेसात मीटर ठेवा. ‘मोठ्या स्पर्धा घेऊ’ म्हणून नऊ मीटर मागितले जातात. भिंत पाचव्या हिश्श्याने उंचावली की कॉलमच्या पायाशी येणारा वाकवणारा ताण 44 टक्क्यांनी चढतो. रोज संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांसाठी हा व्यवहार पटत नाही.

लाकडी तळाची घाई सर्वांत महाग पडते. काँक्रीट स्लॅब चांगल्या हवेत पहिल्या 50 मिलिमीटरपर्यंत दिवसाला साधारण एक मिलिमीटर सुकतो, पुढे त्याहूनही संथ. शंभर मिलिमीटर स्लॅबला तीन महिन्यांहून जास्त. स्लॅबच्या आतली आर्द्रता 75 टक्क्यांखाली आल्याशिवाय लाकूड अंथरलं की फळ्या फुगून कडा वर येतात आणि तळ पन्हाळीसारखा दिसतो. स्लॅबखाली 250 मायक्रॉनचं प्लास्टिक, सांधे 150 मिलिमीटर एकमेकांवर. तळ कुठलाही घ्या, युरोपीय मानक ईएन 14904 ची चाचणी मागा. त्यात धक्का शोषण्याची क्षमता 25 ते 75 टक्क्यांत बसावी लागते. पुराची भीती असलेल्या जागी मात्र लाकूड नकोच. ओतीव पॉलीयुरेथेनचा तळ भिजला तर धुऊन पुन्हा वापरता येतो.

इतर पर्याय, थोडक्यात

ताणलेल्या कापडाचं छत दिसायला देखणं. पण 9 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मिल्टन चक्रीवादळात अमेरिकेतल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या ट्रॉपिकाना फील्डचं टेफ्लॉन-लेपित काचतंतूचं छत चिंध्या झालं, 24 पैकी 18 तुकडे गेले. पुढचा आख्खा हंगाम तिथला बेसबॉल संघ दुसरीकडे खेळला. कापड फाटलं की जाणकार टोळी मिळेपर्यंत आतलं सगळं भिजत राहतं. पत्रा मात्र कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बसवतो.

हवेने फुगवलेला घुमट आतल्या 250 ते 300 पास्कल (न्यूटन प्रति चौरस मीटर) दाबावर उभा असतो, आणि आपल्या वाऱ्याचा दाब 1500. पंखा, जनरेटर, दुहेरी दार, रात्रंदिवस वीज. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं असंच हवेवर उभं छत डिसेंबर 2010 मध्ये बर्फाच्या ओझ्याने बसलं. घुमटाचा एकच खरा फायदा: इशारा मिळाला की हवा काढून तो जमिनीवर पसरून ठेवता येतो. त्यासाठी दहा-बारा माणसं वेळेवर हजर असतील का, ते समितीने स्वतःला विचारावं.

भिंती नसलेलं नुसतं छत बास्केटबॉलला, मुलांच्या कवायतीला छान. दार फुटायचा प्रश्नच नाही. तरी खालून वर ढकलणारा वारा धरावा लागतोच. शटलकॉक खेळायचं नसेल तर याचा गंभीरपणे विचार करा.

‘सांगाडा तर वाचलाय, पत्राच टाकू’

हा सर्वांत मोहाचा आणि सर्वांत धोक्याचा सल्ला. सांगाडा बहुधा वाचला, कारण पत्रा लवकर उडाला. आवरण गेल्यावर वाऱ्याला ओढायला फारसं काही उरलंच नाही, फ्रेमवरचा भार उतरला. म्हणजे फ्रेम परीक्षेला बसलीच नाही, तिला उत्तीर्ण कसं म्हणणार? आता तिच्यावर दाट स्क्रूंचा मजबूत पत्रा बसवला की पुढच्या वादळात पूर्ण भार पहिल्यांदाच राफ्टर, सांधे आणि अँकर बोल्टवर येईल. जुनी फ्रेम ठेवायची असेल तर नव्या भारासाठी तिचा हिशोब पुन्हा करून घ्या, प्रत्येक कॉलम ओळंब्यात तपासा, बोल्टची भोकं लांबट झालीत का पाहा, आणि निदान दोन कोपऱ्यांत पाया उघडून फूटिंग मोजा. नकाशात 2.2 मीटर आणि जमिनीत 1.5, असं सापडलं तर थांबा.

बांधूच नये, अशी वेळ

भरतीची लाट किंवा नदीचा पूर जिथे हॉलमध्ये कमरेएवढा आला, तिथे जोतं उचलून उत्तर मिळत नाही. तिथे उघडं मैदान ठेवा, आणि हॉल उंच जागेवर न्या. खारं पाणी मुरलेल्या जुन्या काँक्रीटवर नवा कॉलम बसवू नका, आतली सळई गंजत राहते. दुसरी वेळ: वादळाआधी हॉल आठवड्यातून दोन दिवसच उघडत होता. अशा ठिकाणी उघडं छप्पर आणि चांगली कुंपणाची भिंत जास्त खेळ देते. तिसरी: देखभालीला पैसा किंवा माणूस नाही. गंजलेले स्क्रू, तुंबलेली पन्हळ आणि मोडकं दार घेऊन दहा वर्षं उभा असलेला हॉल नव्या वादळासाठी अर्धा पडलेलाच असतो.

‘वादळात निवारा म्हणूनही वापरू’ हे वाक्य ठरावात सहज घातलं जातं. खेळाच्या हॉलचं डिझाइन आणि माणसं आत ठेवायच्या निवाऱ्याचं डिझाइन यांत मोठा फरक आहे: वाऱ्याचा वेग जास्त धरायचा, उडत येणाऱ्या लाकडाच्या माऱ्याला भिंत-दार टिकायला हवं, पाणी, शौचालय, वीज वेगळी. 2005 मध्ये कत्रिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये हजारो लोक निवाऱ्याला आत असताना छताचं आवरण उडालं आणि पाणी आत आलं. निवारा हवा असेल तर पहिल्या दिवसापासून तसंच डिझाइन मागा. नको असेल तर ठरावातून तो शब्द काढा आणि दारावर तशी पाटी लावा.

सही करण्याआधी

करारात या गोष्टी लेखी हव्यात: प्रत्येक कॉलमच्या पायाशी येणारा वर खेचणारा भार टनांत, तोही दार बंद आणि दार फुटलेलं अशा दोन्ही स्थितींत, कडेच्या पट्ट्यातला स्क्रूंचा नकाशा, दाराच्या दाबाचा आकडा आणि त्याची चाचणी, पाया कोण तपासणार. पायाचा कंत्राटदार वेगळा असेल तर विक्रेत्याच्या अभियंत्याने बोल्टची मापं जागेवर पाहून सही केल्याशिवाय फ्रेम कारखान्यातून निघू नयेत. शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवा; गळती तेव्हाच कळते.

आणि ऑर्डर देतानाच त्याच लॉटमधले 20 पत्रे, 500 स्क्रू वॉशरसकट आणि आढ्याच्या टोपीचे चार तुकडे जास्त मागवून कोरड्या जागी आडवे, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. पाच वर्षांनी त्याच उंचवट्याचा पत्रा बाजारात मिळेलच असं नाही, आणि न जुळणारा पत्रा वळचणीला ठोकला की पहिली फट तिथेच पडते. वादळाचे अडसर लावायला कोण येणार, त्याचं आणि बदली माणसाचं नाव दाराच्या आत रंगाने लिहा; किल्ली तिथेच शेजारी, काचेच्या पेटीत.